तीस वर्षं उलटली, तरी चतुर्दशीची रात्र सरत नाही

*ताई, नमस्कार.*

*मी लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात राहते. माहेर औशाकडचं. लग्नाला चौदा वर्षं झाली. किल्लारीच्या भूकंपात माझ्या सासूबाई आणि धाकट्या नणंदबाई गेल्या. हे तेव्हा नऊ वर्षांचे होते. माळवद खाली आलं, पण तुळई आडवी पडली म्हणून हे वाचले. दिवस वर आल्यावर लोकांनी बाहेर काढलं. सासरे गणपतीच्या विसर्जनाला गेले होते, म्हणून तेही वाचले. वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं. हे सगळं मला चुलत सासूबाईंनी सांगितलं. ह्यांनी स्वतःच्या तोंडून चौदा वर्षांत एक शब्द काढलेला नाही.*

*रात्री दाराला कडी लावू देत नाहीत. बाज दारापाशी, उशाला बॅटरी. डोक्यावर फळी किंवा माळा चालत नाही. माझ्या माहेरचा वाडा दगडी आहे, तर तिथे एकही रात्र आत झोपले नाहीत. माझ्या वडिलांना तो अपमान वाटला. मागे हासोरीकडे जमिनीतून आवाज येत होते, तेव्हा महिनाभर अंगणात झोपले. हे सगळं मी अंगवळणी पाडून घेतलं होतं. पण दोन वर्षांपासून फार वाढलंय. मध्यरात्री घामाघूम होऊन उठतात आणि लेकीला हलवून बघतात. लेक आता नऊ वर्षांची आहे. तिला कुठेच मुक्कामाला पाठवत नाहीत. सुट्टीत मामाकडे जायचं म्हटलं तर ताटावरून उठले. पिणं आधी गणपतीच्या दिवसांत वाढायचं, आता रोजचं झालंय. गेल्या चतुर्दशीला पिऊन म्हणाले, 'तिच्याऐवजी मीच जायला पाहिजे होतो.' मी रागाच्या भरात बोलून गेले, 'सगळ्या गावाचं गेलं. तीस वर्षं झाली. तुम्ही एकटेच किती दिवस उगाळणार?' त्यानंतर आठ दिवस बोलले नाहीत.*

*काळ हेच औषध असं म्हणतात. मग ह्यांना ते का लागू पडलं नाही? हा आजार आहे की स्वभाव? आता इतक्या वर्षांनी काही उपयोग होईल का? गणपती महिन्यावर आलेत, मला आत्तापासूनच धडकी भरलीय.*

*— एक वाचक, जि. धाराशिव*

नमस्कार ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, उपयोग होईल. तीस वर्षांनी उपचार सुरू करून झोप परत मिळालेली, घरात पुन्हा मोकळेपणानं वावरू लागलेली माणसं आहेत. तुमच्या यजमानांचं निदान मी इथे बसून करणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टींना स्वभाव म्हणून सोडून देऊ नका.

काळानं पुष्कळांची जखम भरते, हे खरं आहे. भूकंप, पूर, दरड यांतून वाचलेली बहुतेक माणसं दोन-तीन वर्षांत डॉक्टरांशिवायच सावरतात. शेतं पुन्हा पेरली जातात, लग्नं होतात. पण काहींचं तसं होत नाही, आणि त्याला मन कच्चं असणं हे कारण नसतं. त्यांच्यावर काय काय कोसळलं आणि त्यानंतर त्यांना जवळ घेणारं कोण उरलं, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून त्या नऊ वर्षांच्या मुलाकडे जरा नीट पाहू या.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन आटोपून बरंचसं गाव नुकतं झोपलं होतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशा घरांत आत झोपलेल्यांना बाहेर पडायला उसंतच मिळाली नाही. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर पाऊस लागला. प्रेतं इतकी होती की एकेका चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला. ज्या मुलाला सकाळी ढिगाऱ्यातून काढलं, त्याला आईचं शेवटचं दर्शन झालं का? बहिणीला कुठे नेलं, हे कुणी सांगितलं का? बहुधा नाही. मोठ्यांना शुद्ध नव्हती, आणि लेकराला लांब ठेवणं हीच माया, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार.

मग पत्र्याच्या शेडमधले दिवस. वर्षाच्या आत घरात दुसरी आई. सासऱ्यांना मी बोल लावत नाही. घरात लेकरू आणि चुलीपाशी कुणी नाही, अशा माणसाला नातेवाइकांनी बोहल्यावर उभं केलं, असं त्या वर्षी अनेक घरांत झालं. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर आईचं नावच घरातून पुसलं गेलं. नव्या आईला वाईट वाटेल म्हणून तिची आठवण काढायची नाही, वडील रडतील म्हणून त्यांच्यासमोर बोलायचं नाही. आणि शेवटी गावही गेलं. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरं पक्की मिळाली, ती गरजेचीच होती. पण गल्ल्या गेल्या, पार गेला, शेजार विस्कटला. सरळ रेषेत आखलेल्या वसाहतीत आईची आठवण सांगणारा एकही उंबरा उरला नाही.

तुम्ही म्हणालात, 'किती दिवस उगाळणार?' ताई, रागात निघालेला शब्द आहे तो, त्याचं ओझं वाहू नका. फक्त एक गोष्ट बघा. हा माणूस तीस वर्षांत एकदाही बोललेला नाही. उगाळायला आधी ते बाहेर काढावं लागतं. त्यांना रडायचीच संधी मिळालेली नाही, आणि काळ त्यांना लागू न पडण्याचं मोठं कारण मला तेच दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा विकार, त्याआधीपासून आहेच. भयंकर स्वप्नं, दचकणं, सतत सावध राहणं आणि त्या प्रसंगाचा विषयही टाळणं ही त्याची लक्षणं. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, आणि दोन्हींवर उपचार आहेत.

वेळेवर मदत मिळाली असती तर फरक पडला असता का, असं तुमच्या मनात येईल. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला. तिथल्या काही शाळांत दीड वर्षानंतर मुलांना त्या आघाताबद्दल आणि गेलेल्या माणसांबद्दल बोलतं करणारे उपचार दिले गेले. ते मिळालेली मुलं पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. आपल्याकडेही भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली या गावांतल्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला होता. पण प्रत्येक घरातल्या प्रत्येक लेकरापाशी वर्षानुवर्षं बसणारं माणूस खेड्यात कुठून मिळणार? जे तेव्हा राहून गेलं, ते आता करायचं आहे.

मग दोन वर्षांपासूनच का वाढलं? माझ्या मते उत्तर तुमच्या पत्रातच आहे. लेक त्या वयाची झाली. आईबाप स्वतः ज्या वयात होरपळले, मूल त्या वयात आलं की जुनी भीती उसळून येते, हे वारंवार दिसतं. ते मध्यरात्री लेकीला हलवून बघतात, कारण एकदा त्यांच्याजवळ झोपलेली मुलगी उठली नव्हती. 'तिच्याऐवजी' म्हणताना त्यांना आई म्हणायचं होतं की बहीण, हे तुम्हालाही ठाऊक नसेल. ढिगाऱ्याखाली त्यांनी काय ऐकलं असेल, हे विचारायला जाऊ नका. ते सांगायची वेळ आणि माणूस त्यांना निवडू द्या.

आता करायच्या गोष्टी.

सगळ्यात आधी, आजच्या आज, फवारणीच्या औषधांचे डबे घरातून आणि शेतातल्या आखाड्यावरून हलवा. भावकीत कुणाकडे कुलूपबंद ठेवा, लागेल तेवढंच आणा. 'मीच जायला पाहिजे होतो' हे वाक्य म्हणजे वाचलेल्या माणसाच्या मनातली अपराधी भावना असू शकते, पण ती नुसती तेवढीच आहे असं धरून चालायचं नाही. शांतपणे, स्पष्ट विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. उत्तर 'हो' आलं, किंवा ते नुसते गप्प राहिले, तरी त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

दुसरी गोष्ट दारूची. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं जिवावर बेतू शकतं. म्हणून शपथा घालू नका. आपल्याकडे दारू सोडवायला माळ घालायला लावतात. माळ जरूर घालू द्या, पण डॉक्टरांना दाखवून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे उतरवत नेल्यावर. त्यांची दारू हा झोपेसाठी स्वतःच शोधलेला उपाय आहे, असं मला वाटतं. झोपेचा खरा इलाज मिळाला की ती सोडणंही सोपं जाईल.

डॉक्टरांकडे कसं न्यायचं? 'तुम्हाला मानसिक आजार आहे' अशी सुरुवात केलीत तर ते उठून जातील. झोपेपासून सुरुवात करा. झोप नाही, ही गोष्ट कोणताही माणूस मान्य करतो. धाराशिवला किंवा लातूरला सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तिथे गेल्यावर मात्र काही लपवू नका. भूकंप, स्वप्नं, दारू, ते वाक्य, सगळं सांगा. नुसत्या झोपेच्या गोळ्या घेऊन परत येऊ नका. दारूवर त्या गोळ्या धोक्याच्या आहेत आणि मूळ दुखणं त्यांनी जात नाही. उदासी-भीतीवरच्या औषधांना गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरायचा आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाहीत. शिवाय डॉक्टरांना विचारा, बोलण्याचे उपचार कुठे मिळतील? आठवड्याला एक अशा दहा-बारा बैठकांत, सुरक्षित जागी, प्रशिक्षित माणसासोबत थोडं-थोडं त्या रात्रीपाशी जायचं आणि परत यायचं, असं ते काम असतं. आठवण जात नाही. पण ती आली की अंगाला घाम फुटणं, श्वास कोंडणं कमी होत जातं. लातूरला जाणं दर आठवड्याला जमणारं नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच करा. तुमच्यासाठी म्हणूनही करा, कारण चौदा वर्षं तुम्हीही दाराची कडी न लावता झोपताय.

तुम्ही दोघं कधी बोलायचं? रात्री नाही, पिलेल्या वेळी नाही आणि चतुर्दशीला तर अजिबात नाही. शेताच्या वाटेवर, गाडीवर मागे बसलेल्या असताना, शेंगा तोडताना, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही अशा वेळी. एवढंच म्हणा, 'मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा, मी ऐकेन.' आणि मग ढिगाऱ्याबद्दल काही विचारू नका, माणसांबद्दल विचारा. आई काय चांगलं करायच्या? बहीण भांडायची का? ज्या घरात फोटोसुद्धा मातीखाली गेले, तिथे गेलेल्या माणसाचा मृत्यूच तेवढा लक्षात राहतो, त्यांचं जगणं हरवून जातं. तुमच्या चुलत सासूबाई आहेत तोवर त्यांच्याकडून हे सगळं विचारून घ्या. लेकीलाही कळू द्या की आपल्याला आणखी एक आजी आणि आत्या होती. फक्त घरात ज्यांनी ह्यांना वाढवलं त्या सासूबाईंनाही यात जवळ घ्या. त्यांनीही परक्याचं दुःख आयुष्यभर सांभाळलंय.

तुमच्याकडे पित्र घालत असतील तर एक सुचवते. तुमच्या सासूबाई सवाष्ण गेल्या. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी अशा बायकांसाठीच असते. आजवर त्यांच्या नावानं पान वाढलं गेलंय का, विचारून बघा. लिंगायत घर असेल, किंवा तुम्ही हे मानत नसाल, तर तुमच्या रीतीनं काही करा: बहिणीच्या नावानं शाळेला पुस्तकं द्या, आईच्या नावानं एक झाड लावा. महत्त्वाचं हे की ते त्यांच्या हातून व्हावं आणि त्यांची इच्छा असेल तरच. जुन्या गावाच्या जागेवर जायचं असेल तर दिवसाउजेडी आणि सोबतीनं. ओढून नेऊ नका.

यंदाच्या चतुर्दशीची आखणी मात्र आधीच करा. तुमच्या घरात हा दिवस दोनदा येतो, तिथीनं एकदा आणि तारखेनं एकदा. २०२५ मध्ये चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, म्हणजे ३० तारखेपर्यंत चोवीस दिवस आणि मधे पितृपंधरवडा. अख्खा महिना माणूस ताणलेला असणार, हे धरून चाला. त्या महिन्यात घरात मोठे वाद, हिशेब, पाहुण्यांचे मुक्काम काढू नका. विसर्जनाच्या डीजेनं हल्ली भिंती थरथरतात, भांडी वाजतात. ज्याचं घर खरोखर हललं होतं त्याच्या अंगाला तो फरक कळत नाही. त्या रात्री आखाड्यावर मुक्काम करायचा असेल तर तिघंही जा. त्यांच्या बरोबरीचा, त्याच रात्रीतून वाचलेला गावातला एखादा मित्र असेलच. त्याला बोलवा. दोघं काही न बोलता बसले तरी चालेल. पहाटे चारला चहा करा.

काही गोष्टी बदलायची घाई नको. दारापाशी बाज, उशाला बॅटरी, डोक्यावर फळी नको, यानं कुणाचं काही बिघडत नाही. राहू द्या. ज्या भीतीनं लेकीचं बालपण अडतंय, झोप जातेय, तिच्यावर आपल्याला काम करायचंय.

आणि इथेच मला तुमच्या माहेरच्या वाड्याबद्दल बोलायचंय. तुमच्या यजमानांना त्या वाड्याची भीती वाटते, ती वेडगळ नाही. आतून नीट न सांधलेल्या दगडी भिंती आणि जड माळवद यांनीच त्या रात्री माणसं मारली. भूकंपानंतर या भागात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मोठ्या प्रमाणात झालं, तेव्हा गवंड्यांना हेच शिकवलं गेलं. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार जोडदगड घालायचे, माळवदावरची जादा माती उतरवायची, घराभोवती काँक्रीटचा पट्टा बांधायचा, कोपरे तारेच्या जाळीनं आवळायचे. तुमच्या वडिलांना एकदा सांगा, जावई आत झोपत नाही तो मान-अपमानाचा मुद्दा नाही, तो घर बघून बोलतोय. आणि यजमानांना सांगा, 'वाड्याचं काय करायला हवं ते तुम्हीच माझ्या वडिलांना दाखवा.' एखादा जाणता गवंडी किंवा इंजिनिअर सोबत घ्या. निदान लेक झोपणार ती एक खोली पक्की करून घ्या. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. आता चाळिशीच्या बापाच्या हातात थापी देता येईल. मला यातून बरीच आशा वाटते.

ती खोली झाली की लेकीचं जाणं पायरीपायरीनं. आधी दिवसभर जाऊन संध्याकाळी परत. मग एक मुक्काम, बाप सोबत, हवं तर ओट्यावर. मग त्यांच्याशिवाय एक रात्र, झोपण्याआधी आणि उठल्यावर फोन. मधे एखादी पायरी चुकली, ते रात्रीतून गाडी काढून तिला आणायला गेले, तरी रागवू नका. पुन्हा आधीच्या पायरीवरून सुरू करा.

लेकीशी तुम्ही स्वतः बोला. बापाचं उठणं, पिणं, ताटावरून जाणं ती बघतेय. सांगितलं नाही तर मुलं दोष स्वतःकडे घेतात. तिला म्हणा, 'बाबा तुझ्याएवढे असताना भूकंपात त्यांची आई आणि बहीण गेली. म्हणून रात्री त्यांना भीती वाटते. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. आपण त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहोत.' नऊ वर्षांच्या मुलीला एवढं समजतं. शाळेत भूकंप आल्यावर काय करायचं ते शिकवतात, ते तिला घरी करून दाखवू द्या, बापासमोर. टेबलाखाली कसं बसायचं, डोकं कसं झाकायचं. त्यांना कळू द्या की हिला काहीतरी येतं.

पहिल्याच डॉक्टरांशी सूर जुळेल असं नाही. दोन-तीन भेटींनी काहीच वाटलं नाही तर दुसऱ्यांकडे जा, उपचार सोडू नका. सुरुवातीला बोलायला लागल्यावर काही दिवस स्वप्नं वाढतातही. डॉक्टरांना सांगा, घाबरून मधेच थांबू नका. बरं होणं वर-खाली होत जातं, आणि पुढच्या सप्टेंबरात पुन्हा थोडं बिघडलं तर केलेलं वाया गेलं असं समजायचं कारण नाही.

गणपतीला महिना आहे. या आठवड्यात डबे हलवा आणि १४४१६ ला फोन करा. पुढच्या आठवड्यात झोपेचं निमित्त काढून धाराशिव किंवा लातूर गाठा. काय झालं ते मला जरूर कळवा. आणि हे उत्तर त्यांना दाखवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. दाखवलंत तर माझा नमस्कार सांगा.